परदेशी पत्रकारांची निवडणूक-वारी आणि ‘कोणी दाखवलं?’ हा रकाना

ओहायो राज्यात यंगस्टाऊन नावाचं शहर आहे. एके काळचं पोलादाचं शहर. १९ सप्टेंबर १९७७ च्या सोमवारी तिथल्या एका मोठ्या पोलाद कारखान्याला टाळं लागणार असल्याची घोषणा झाली आणि हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. तिथली माणसं त्या दिवसाला अजून ‘ब्लॅक मंडे’ म्हणतात. २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या आधी, आणि निकालानंतर तर जास्तच, या भागात पत्रकारांची रीघ लागली. अमेरिकेतले होतेच, बाहेरच्या देशांतलेही होते. त्या बातम्यांचा साचा तुम्ही कुठे ना कुठे वाचला असेल: गंजलेल्या चिमण्या, फळ्या ठोकून बंद केलेली दुकानं, नाश्त्याच्या हॉटेलात कॉफीचा कप धरून बसलेला निवृत्त कामगार, आणि इतकी वर्षं आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही अशा अर्थाचं त्याचं एखादं वाक्य. डोनाल्ड ट्रम्प का जिंकले हे समजून घ्यायचंय? मग यंगस्टाऊनला जा.

आता निकालाचा तक्ता काढून बघा. यंगस्टाऊन ज्या महोनिंग काउंटीत आहे (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा, फक्त लोकसंख्येने बहुतेकदा लहान) ती काउंटी २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी जिंकली होती. थोडक्यात, तीनेक टक्क्यांनी, पण जिंकली होती. ट्रम्प तिथे पहिल्यांदा जिंकले ते २०२० मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ते देशात हरले त्या वर्षी!

मी पहिल्यांदा हे तपासलं तेव्हा वाटलं, झालं, सगळ्या बातम्या खोट्या. पण तसं नाहीये. २०१२ मध्ये याच काउंटीत ओबामा यांची आघाडी २५ टक्क्यांहून जास्त होती. चार वर्षांत ती तीनवर आली. म्हणजे पत्रकारांनी हॉटेलात जे ऐकलं ते खरंच घडत होतं, लोक खरंच फिरले होते. त्यांनी बदल पाहिला आणि पातळी लिहिली. ‘इथले बरेच लोक पक्ष बदलतायत’ आणि ‘इथले लोक अमुक पक्षाचे आहेत’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि दोन्ही तपासायला वेगवेगळा डेटा लागतो. तुमच्यापैकी जे सिनॉप्सिस लिहितायत त्यांनी आपल्या उद्दिष्टांकडे एकदा या नजरेने बघा. निम्म्या सिनॉप्सिसमध्ये हा घोळ असतो. माझ्यातही होता.

मी विज्ञानशाखेची विद्यार्थिनी आहे, भूजलावर काम करते. अमेरिकेत कोण यावं याबद्दलचं माझं मत इथे कुणाच्या कामाचं नाही. पण परदेशी पत्रकार एखाद्या देशात निवडणूक ‘बघायला’ जातात आणि परत येऊन लिहितात, हा लेखनप्रकार मी गेली काही वर्षं आवडीने वाचते आणि चिडूनही वाचते. कारण फील्डवर्कमध्ये जितक्या चुका करता येतात तितक्या बहुतेक सगळ्या इथे उघड्यावर सापडतात. आपल्या पेपरांमध्ये त्या ‘मटेरियल्स अँड मेथड्स’च्या मागे लपलेल्या असतात.

हे दौरे होतात कसे ते आधी थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची ‘फॉरेन प्रेस सेंटर्स’ आहेत, वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कला. परदेशी पत्रकारांसाठी ती माहितीसत्रं घेतात आणि वार्तांकनाचे दौरेही आखतात. यजमान सरकार असो, एखादी संस्था असो की पत्रकाराचंच कार्यालय, साचा साधारण सारखाच: एखादं निवडणूक कार्यालय, विद्यापीठातला राज्यशास्त्राचा प्राध्यापक, दोन्ही पक्षांचे स्थानिक पदाधिकारी, एखादं शेत किंवा कारखाना आणि शेवटी ‘सामान्य मतदार’. आपल्याकडेही पाहुणे येतात. मे २०२४ मध्ये भारताच्या निवडणूक आयोगाने २३ देशांतल्या ७५ प्रतिनिधींना बोलावून सहा राज्यांत फिरवलं, त्यात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. ते बहुतेक करून त्या त्या देशांच्या निवडणूक यंत्रणांचे लोक होते, पत्रकार थोडे. पण दौऱ्याचं व्याकरण तेच. कुठे न्यायचं, कुणाशी भेट घालायची, किती वाजता निघायचं, सगळं आधी ठरलेलं.

आधी ठरलेलं असणं हा गुन्हा नाही. कुणाच्या ओळखीशिवाय परक्या मुलखात काम होत नाही. अडचण आहे ती दौऱ्यातून आलेल्या मजकुराला आपण काय समजतो त्यात.

समजा एका बसमध्ये वीस देशांचे वीस पत्रकार आहेत. सगळे एकाच हॉटेलात थांबले, एकाच प्राध्यापकाला ऐकलं, एकाच शेतकऱ्याच्या खळ्यात उभं राहून बोलले. आठवड्याने वीस भाषांत वीस लेख आले. तुम्ही त्यातले पाच वाचलेत, पाचांत तीच गोष्ट सापडली, आणि तुम्हाला वाटलं की पाच स्वतंत्र निरीक्षकांनी दुजोरा दिला. प्रत्यक्षात निरीक्षण एकच आहे. आपल्याकडे म्हणतात शितावरून भाताची परीक्षा. इथे एकच शीत वीस जणांनी दाबून पाहिलंय. आपल्या भाषेत याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात: एका कुंडीतल्या दहा पानांचं मोजमाप घेऊन ‘एन बरोबर दहा’ लिहायचं. टिमथी क्राऊज यांचं ‘द बॉइज ऑन द बस’ हे १९७३ चं पुस्तक याच रोगावर आहे. १९७२ च्या निवडणुकीत उमेदवारांबरोबर फिरणारे पत्रकार एकमेकांचं बघून एकसारखं कसं लिहायला लागतात, ते त्यात आहे. आणि ते तर त्याच देशाचे पत्रकार होते, भाषा येणारे. परदेशी पत्रकाराला बसच्या बाहेर पडायचा रस्ताही बसवालाच सांगतो.

यावर पत्रकारांचं नेहमीचं उत्तर असतं की आम्ही टक्केवारी सांगायला जात नाही, माणसं दाखवायला जातो. उत्तर ऐकायला छान आहे. पण मग हीच काउंटी का? देशात तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. तुम्ही नेमके इथेच का उतरलात? लेखाच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात त्याचं उत्तर येतंच: कारण ‘ही काउंटी देशाचा आरसा आहे’. म्हणजे टक्केवारी सांगितली नाही तरी ठिकाण निवडण्यातच प्रातिनिधिक असल्याचा दावा येऊन गेला. तो दावा तपासायला हवा. आणि गंमत म्हणजे तो तपासता येतो.

अमेरिकेत ‘बेलवेदर काउंटी’ अशी कल्पना आहे. बेलवेदर म्हणजे कळपाच्या पुढे चालणारा, गळ्यात घंटा बांधलेला मेंढा. ज्या काउंटीचा कौल दर वेळी देशाच्या निकालाशी जुळतो ती बेलवेदर. यातली सगळ्यात प्रसिद्ध इंडियाना राज्यातली व्हिगो काउंटी. १९५६ पासून २०१६ पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत व्हिगोने जिंकणाऱ्यालाच मत दिलं. आणखी मागे, १८८८ पर्यंत गेलात तरी चुका दोनच, १९०८ आणि १९५२. तिथलं मुख्य गाव टेरे होट. निवडणूक आली की पत्रकार तिथे जाणारच, वारकरी पंढरपूरला जातात तसे. २०२० मध्ये व्हिगोने ट्रम्प यांना मत दिलं, अध्यक्ष झाले बायडन.

एकट्या व्हिगोचं झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण १९८० ते २०१६ या दहा निवडणुकांत एकदाही न चुकलेल्या १९ काउंट्या होत्या. २०२० मध्ये त्यांपैकी १८ चुकल्या. बरोबर आली ती एकच, वॉशिंग्टन राज्यातली क्लॅलम. मग काय, सगळ्यांचं लक्ष क्लॅलमकडे. २०२४ मध्ये क्लॅलमने कमला हॅरिस यांना मत दिलं आणि तीही संपली.

कागद-पेन घ्या, हे गणित आपण करूच. प्रत्येक काउंटी म्हणजे एक नाणं समजा. दहा वेळा उडवायचं, दहाही वेळा ‘बरोबर’ यायची शक्यता १०२४ मध्ये एक. काउंट्या तीन हजार शंभरच्या आसपास. म्हणजे कुणालाही काहीही कळत नसतानासुद्धा दहापैकी दहा आणणाऱ्या तीनेक काउंट्या निव्वळ योगायोगाने सापडल्याच पाहिजेत. त्या तीन काउंट्यांत जाऊन ‘तुमचं रहस्य काय’ असं विचारलंत तर लोक काहीतरी सांगणारच. आमच्याकडे शेतीही आहे आणि कारखानाही आहे, विद्यापीठही आहे आणि चर्चही आहे. सगळं खरं असतं. फक्त त्याचा दहापैकी दहाशी काही संबंध नसतो.

पण सापडल्या १९, तीन नाही. जास्त का? कारण काउंट्या ही सुटी नाणी नाहीत. त्या एकमेकींबरोबर हलतात. १९८४ मध्ये रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले; तशा वर्षी बरोबर येणं ही काही कर्तबगारी नव्हे. आणि आता खरा प्रश्न: २०२० मध्ये १९ पैकी एकच बरोबर आली, हे नाण्यापेक्षाही वाईट कसं? नाणी असती तर नऊ-दहा जुळली असती. उत्तर तेच आहे, ती सुटी नाणी नव्हती. त्यांतल्या बहुतेक एकाच जातकुळीतल्या होत्या: गोऱ्या लोकसंख्येचं प्रमाण मोठं, पदवीधर कमी, मोठ्या महानगरांपासून लांब. अशा मतदारांचा प्रवाह एका दिशेला वळला तसा १८ जणींनी एकदमच झोका घेतला. १९ ठिकाणं दिसत होती, पण माहितीच्या हिशेबाने ती दोन-तीनच होती. तुमच्या थीसिसमध्ये एकाच नाल्याच्या काठावरच्या १९ विहिरी असतील, तर तुमचंही हेच होणार आहे.

ही काही नवी अक्कल नाही. एडवर्ड टफ्टी (तेच, आलेखांच्या पुस्तकांमुळे ज्यांचं नाव तुम्ही ऐकलंय ते) आणि रिचर्ड सन यांनी १९७५ मध्ये ‘पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली’त याच प्रश्नावर पेपर लिहिला होता. मागचा चोख इतिहास पाहून निवडलेल्या काउंट्या पुढच्या निवडणुकीत काही खास चमक दाखवत नाहीत, असं त्यांना आढळलं. १९७५! त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक पत्रकार टेरे होटच्या हॉटेलात कॉफी पीत राहिले. चुकीची पद्धत मरत नाही, कारण ती मेल्याने कुणाचंच भलं होत नसतं. संपादकाला डेटलाइन मिळते, गावाला प्रसिद्धी मिळते, वाचकाला एक चेहरा मिळतो.

आता आपल्याकडे या. भारतातल्या निवडणुकीवरच्या परदेशी वार्तांकनात एक गोष्ट ठरलेली: गीरच्या जंगलात, बाणेज इथे, एका मतदारासाठी उभारलेलं मतदान केंद्र. तिथल्या मंदिराचे महंत हे एकटेच मतदार, आणि त्यांच्यासाठी अख्खं पथक जंगलातून जातं. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे. कुणाही मतदाराला मतदानासाठी दोन किलोमीटरपेक्षा जास्त जावं लागू नये, हा आयोगाचा निकष तिच्यातून नीट कळतो. पण निवडणुकीत काय चाललंय हे त्यातून किती कळलं? २०२४ मध्ये ६४ कोटींहून जास्त लोकांनी मतदान केलं. इथे तर ‘एन बरोबर एक’ अक्षरशः आहे.

आणि आपण हसतो. काय हे लोक, हत्ती, उंट नि साधूच्या पुढे जात नाहीत. मग पान उलटतो, ओहायोवरचा तसाच लेख येतो आणि तो मात्र आपण मान डोलावत वाचतो. मायकल क्रायटन यांनी या खोडीला मरे गेल-मान या भौतिकशास्त्रज्ञाचं नाव देऊन ठेवलंय, गेल-मान अम्नेझिया. आपल्या विषयातली बातमी चुकलेली दिसते तेव्हा आपण संतापतो, आणि पुढच्याच पानावर, दुसऱ्याच्या विषयातल्या बातमीवर, विसरल्यासारखा विश्वास ठेवतो.

बरं, आपल्याला तरी आपलं कळतं का? महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. त्या मे महिन्यात कुणी परदेशी पत्रकार इथे दहा दिवस फिरला असता तर त्याने ऐकलेला कांद्याचा आणि सोयाबीनचा राग, फुटलेल्या पक्षांबद्दलची चीड, सगळं खरं ठरलं असतं. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, त्याच महाराष्ट्रात महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनी २८८ पैकी २३० जागा घेतल्या. मेमधली माणसं नोव्हेंबरमध्ये कुठे गेली नव्हती. दहा दिवसांत गोळा केलेल्या ‘भावने’ची मुदत किती, हे लेखावर छापलेलं नसतं. पाण्याच्या नमुन्याला निदान बाटलीवर तारीख असते.

म्हणाल, मग सर्वेक्षण करा की. मोठं सॅम्पल घ्या. पण २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सर्वेक्षणांनीही मार खाल्लाच. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं ट्रम्प यांनी मिळून ७८ हजारांहून कमी मतांच्या फरकाने जिंकली आणि त्यावर निवडणूक फिरली. तिथल्या पोलस्टरांच्या संघटनेने, एएपीओआरने, २०१७ मध्ये अहवाल काढला. देशपातळीवरची सर्वेक्षणं बऱ्यापैकी बरोबर होती, राज्यपातळीवरची चुकली. एक कारण असं निघालं की पदवीधर लोक सर्वेक्षणाला जास्त उत्तरं देतात, आणि अनेक राज्य-सर्वेक्षणांनी शिक्षणानुसार भारांकन केलंच नव्हतं. दुसरं, बऱ्याच जणांनी शेवटच्या आठवड्यात मत ठरवलं.

इथे क्षणभर थांबा. चूक झाली, आणि कुठे झाली ते वर्षभरात सापडलं. का सापडलं? कारण उत्तर देणाऱ्याचं शिक्षण किती, हा रकाना त्यांच्या डेटात होता. वापरला नव्हता, पण होता. हॉटेलातल्या त्या निवृत्त कामगाराच्या गोष्टीत असा कुठलाही रकाना नसतो. त्याला कुणी गाठून दिलं, त्याच्याआधी किती जण बोलायला नाही म्हणाले, किती जणांशी बोलून त्यांची वाक्यं ‘जमली नाहीत’ म्हणून सोडली, काही नाही. म्हणून ती गोष्ट चुकली तरी कधी पकडली जात नाही.

हा रकाना मला कसा कळला ते सांगते, कारण चूक माझीच होती. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट बघायला गेले. नकाशावर आखलेले ठिपके होते, पण गावात शिरल्यावर ठिपके कुठचे नि काय! एक दादा भेटले, फार चांगला माणूस. मोटरसायकलवर पुढे आणि मी स्कूटीवर मागे. दोन दिवसांत चाळीसेक नमुने झाले. मी खूश. गाईड मॅडमनी यादी पाहिली आणि एकच विचारलं, ‘या विहिरी तुला कोणी दाखवल्या?’ मी म्हटलं, दादांनी. ‘दादांनी कुठल्या नाही दाखवल्या?’

मला उत्तर देता आलं नाही. मग नकाशावर ठिपके टाकून पाहिले. जवळजवळ सगळ्या विहिरी डांबरी रस्त्याला लागून, बांधलेल्या, मोटर बसवलेल्या. म्हणजे बागायतदारांच्या. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला हातपंप यादीत नव्हता, आणि तिथलं पाणी लोक पीत होते. दादांनी लपवलं नव्हतं. मी ‘विहिरी’ विचारल्या होत्या, त्यांनी त्यांच्या ओळखीच्या विहिरी दाखवल्या. तेव्हापासून माझ्या फील्डबुकात अक्षांश, रेखांश, खोली यांच्याशेजारी एक जादा रकाना असतो: कोणी दाखवलं.

तोच रकाना घेऊन मी आता निवडणुकीचे लेख वाचते. आणि खरं सांगायचं तर चिडचिड जास्त होते ती वाया गेलेल्या मालाबद्दल. कारण दौऱ्यावर गेलेल्या पत्रकाराला काही गोष्टी खरोखर उत्तम दिसू शकतात, आणि त्या दिसायला प्रातिनिधिक सॅम्पल लागतच नाही. निवडणूक चालते कशी, ही ती गोष्ट. अमेरिकेत आपल्यासारखा अख्खी निवडणूक घेणारा केंद्रीय आयोग नाही. दहा हजारांहून जास्त स्थानिक यंत्रणा आपापली निवडणूक घेतात. रात्री ‘अमुक जिंकले’ हे पहिल्यांदा कुठलाही सरकारी अधिकारी सांगत नाही, वृत्तसंस्था सांगतात. असोसिएटेड प्रेस हे काम १८४८ पासून करते आहे. अधिकृत शिक्का नंतर बसतो. मतदानाआधी अनेक राज्यांत आधीच खुणा केलेल्या मतपत्रिका यंत्रातून घालून, लोकांसमोर, बेरीज जुळते का ते तपासतात. २०१२ मध्ये युरोपातल्या ओएससीई या संघटनेच्या निरीक्षकांना टेक्सासच्या महाधिवक्त्यांनी बजावलं होतं की मतदान केंद्राच्या १०० फुटांच्या आत आलात तर कायदेशीर कारवाई होऊ शकते. निरीक्षक देशाच्या निमंत्रणावरून आलेले, अडवणारं राज्य. संघराज्य म्हणजे काय हे या एका प्रसंगातून जितकं कळतं तितकं कुठल्या हॉटेलात कळणार?

यंत्र कसं चालतं हे पाहायला एक यंत्र पुरतं. किती यंत्रं बिघडलेली आहेत हे सांगायला पुरत नाही. दौऱ्यातल्या पत्रकाराने पहिला प्रश्न विचारला तर तो राजा आहे. पण निवडणूक कार्यालयात काढलेला अर्धा दिवस लेखात दोन ओळींत उरकतो आणि कामगाराच्या कॉफीला सहाशे शब्द मिळतात. तुमच्यापैकी जे गुणात्मक पद्धतीने काम करणार आहेत त्यांना ‘एवढंसं सॅम्पल?’ असं कुणी व्हायव्हात विचारलं तर घाबरू नका. फक्त आपला प्रश्न ‘कसं’चा आहे की ‘किती’चा, हे स्वतःला आधी माहीत असू द्या.

या सगळ्या पाहुण्यांचा मूळपुरुष म्हणजे अलेक्सी द तोकव्हिल. फ्रेंच, वय पंचवीस, मित्र बोमाँबरोबर मे १८३१ मध्ये अमेरिकेत उतरला. कागदोपत्री काम तुरुंगांची पाहणी. नऊ महिने फिरला, फेब्रुवारी १८३२ मध्ये परत गेला. म्हणजे १८३२ च्या नोव्हेंबरमधली अध्यक्षीय निवडणूक त्याने पाहिलीच नाही. तरी ‘डेमोक्रसी इन अमेरिका’त अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात देशाला कसा ताप चढतो यावर त्याने लिहिलंय. शिवाय तो उठला-बसला तो बहुतेक वकील, न्यायाधीश आणि प्रतिष्ठितांमध्ये. त्यांच्या चष्म्यातून त्याने सामान्य माणसाची लोकशाही पाहिली, ही टीका त्याच्यावर जुनीच आहे.

पण ही टीका करता येते ती कशाच्या जोरावर? तोकव्हिल वह्या लिहायचा. कुणाशी बोललो, कुठल्या तारखेला, तो काय म्हणाला, बऱ्याचदा नावानिशी. बोस्टनला जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्याशी झालेलं बोलणं त्यात आहे. या वह्या टिकल्या, म्हणून जॉर्ज विल्सन पिअर्सन यांना १९३८ मध्ये तो सगळा प्रवास जवळजवळ दिवसागणिक परत उभा करता आला. कुठलं मत कुणाच्या ताटातून आलं हे शंभर वर्षांनी दाखवता आलं. पुस्तकात नसेल, पण वहीत त्याने ‘कोणी दाखवलं’चा रकाना भरलेला होता.

आता तुम्हाला एक काम देते, कोर्सवर्कच्या असाइनमेंटपेक्षा सोपं आहे. कुठल्याही परक्या देशाच्या निवडणुकीवरचा एक दौरा-लेख घ्या, मराठी वर्तमानपत्रातला असला तरी चालेल, आपलेही पत्रकार अमेरिकेला जातातच. कागदावर त्यात आलेल्या प्रत्येक माणसाची एक ओळ करा. तो बोलला ते ‘कसं’बद्दल होतं की ‘किती’बद्दल, ते लिहा. गाव का निवडलं याचं कारण लेखात दिलंय का, ते लिहा. शेवटच्या रकान्यात, या माणसापर्यंत पत्रकाराला कोणी नेलं. मी आतापर्यंत असे तक्ते बरेच केलेत, तो शेवटचा रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो. मग तोच कागद उलटा करा आणि आपल्या पायलट स्टडीचा तक्ता मागच्या बाजूला काढा.

त्या वस्तीतल्या हातपंपाचं पाणी मी नंतर जाऊन घेतलं. तिथल्या एका आजींनी दाखवला. रकान्यात तसं लिहिलंय. आकडा इथे देत नाही, पेपर अजून रिव्ह्यूत अडकलाय.